पायी व सायकलीवरून

इन्स्पेक्टरसाहेबांनी तो प्रश्न मुलांना विचारला असता, तर पुढचं काहीच घडलं नसतं. त्यांनी तो मास्तरांना विचारला.

वेणीमाधवराव वझे दुर्गाघाटाजवळच्या एका शाळेत बारा वर्षं भूगोल शिकवत होते. त्या दिवशी सहावीच्या वर्गात किनारपट्टीचा धडा होता आणि तो नेहमीसारखाच रंगला होता. खडूच्या दोन फटकाऱ्यांत त्यांनी फळ्यावर खाडी काढली, भूशिर काढलं, दीपगृह काढलं. भरती-ओहोटी दाखवायला ते घरून पितळी परात आणत आणि ती पाण्यासकट अशी डोलवत, की पुढच्या बाकावरची मुलं दरवर्षी भिजत. मागच्या बाकावर गुडघ्यावर टोपी ठेवून बसलेले गोरे साहेब खूश झाले. उठून पुढे आले आणि मोडक्या हिंदीत म्हणाले, "मास्टर, आपने समुंदर देखा है?"

खरी गोष्ट अशी, की वझ्यांचं घराणं कोकणातून काशीला येऊन पाच पिढ्या झाल्या होत्या आणि त्यातल्या शेवटच्या तीन पिढ्यांत कुणी प्रयागच्या पश्चिमेला पाऊल टाकलं नव्हतं. पण पस्तीस मुलं टक लावून बघत होती.

"जी साहब," वेणीमाधवराव म्हणाले, "देखा है."

"कहाँ? कैसे?"

"कोकण का किनारा, साहब. पैदल और साइकिल पर."

पैदल इथवर ठीक होतं. सायकल मधेच कुठून आली, हे वेणीमाधवरावांना नंतर कधीही सांगता आलं नाही. आठवड्यापूर्वी एका मासिकात कुणा विलायती गृहस्थाने आपल्या देशाचा किनारा पायी आणि सायकलीवरून हिंडल्याची हकिगत त्यांनी वाचली होती. ती पोटात होती, ती ओठांवर आली.

साहेबांचा चेहरा उजळला. ते स्वतः तरुणपणी सायकलीवरून पुष्कळ हिंडले होते. त्यांनी वर्गात सर्वांदेखत वेणीमाधवरावांशी हस्तांदोलन केलं आणि बाहेर पडताना हेडमास्तर बिंदुमाधवपंतांना बजावलं, की अशा शिक्षकाचा अनुभव चार भिंतींत कोंडून ठेवू नका. व्याख्यान ठेवा आणि त्याचा अहवाल मला पाठवा.

बिंदुमाधवपंत गडी अंगाने भारी आणि स्वभावाने थंड. शाळेच्या बरोबरीने ते तिथल्या मराठी मंडळीचे चिटणीसही होते, त्यामुळे साहेबांचा हुकूम आणि मंडळीचा कार्यक्रम त्यांनी एकाच दगडात उरकला. संक्रांतीनंतरचा पहिला रविवार ठरला. दुसऱ्या दिवशी दुर्गाघाट, ब्रह्माघाट, अगदी भोसले घाटापर्यंत भिंतींवर कागद लागले: 'कोकण किनारा : पायी व सायकलीवरून. व्याख्याते, रा. वेणीमाधव वझे.'

तो कागद शरदिनीने गंगेवरून येताना वाचला. घरी येऊन तिने ओली धोतरं वाळत घातली आणि मग नवऱ्याला विचारलं, "अहो, तुम्ही कोकणात कधी गेला होतात?"

"नाही गेलो."

"आणि सायकल?"

"तीही नाही येत."

शरदिनीने थोडा विचार केला. "मग आधी काय करायचं? सायकल की कोकण?"

वेणीमाधवरावांच्या मते तिसरीही एक वाट होती, ती म्हणजे पंतांकडे जाऊन खरं सांगून टाकायचं. ते तसे दोनदा निघालेही. पहिल्या खेपेला पंत पूजेत होते. दुसऱ्या खेपेला पंतांनी त्यांना पाहताच शेजारच्या माणसाला सांगितलं, "हे आमचे वझे. साहेब यांचा हात सोडायला तयार नव्हते." त्यानंतर वाट बंद झाली. नाताळच्या सुट्टीला जोडून त्यांनी चार दिवसांची रजा मागितली आणि कारण दिलं, कुलदेवीची ओटी भरणे.

"पुन्हा जाताय कोकणात? उत्तम," पंत म्हणाले. "व्याख्यान ताजं होईल."

टपालातल्या एका ओळखीच्या कारकुनाने नवी सायकल घेतली होती. त्याची जुनी वेणीमाधवरावांकडे आली. दुर्गाघाटाच्या गल्लीत सायकल चालवणं हे तर अशक्यच. तिथे सांड समोरून आला तर माणसालाच भिंतीत शिरावं लागतं. तेव्हा रोज पहाटे सायकल हातात धरून ते बेनियाबागेच्या मैदानापर्यंत जात. महिनाभरात त्यांना सायकल आली, पण दोन अटींवर. एक म्हणजे सायकल सरळ जायला हवी, वळण नको. दुसरी म्हणजे चढायला पायरी हवी. दगडी पायरीवर डावा पाय ठेवून, सायकल खाली उभी करून, उजवी टांग टाकली की ते थेट सीटवर जाऊन बसत. काशीत पायऱ्यांना तोटा नाही. जिकडे बघाल तिकडे पायरी. त्यामुळे ही अट आपल्याला कधी अडचणीची ठरेल, असं त्यांच्या मनातही आलं नाही.

वेणीमाधवरावांच्या आईंना हा सगळा उद्योग पसंत नव्हता. "समुद्र बघायला इतक्या दूर मरायला कशाला जातोस? गंगाजी दाराशी आहे."

"गंगा वेगळी, समुद्र वेगळा, आई."

"वेगळा कसला? गंगाजीच तिकडे जाऊन खारट होते. आणि अकेला तर मी तुला बिलकुल सोडणार नाही. प्रयागलाच उतरशील. शरदिनीला घेऊन जा. ओटी काय तू भरणार आहेस?"

शरदिनीचं तिकीट काढलं. बातमी घाटावर पसरली तशी ज्यांचे ज्यांचे भाऊबंद कोकणात होते त्या सगळ्यांनी गंगेचा एकेक गडू आणून दिला. तोंड झाळून बंद केलेले असे अकरा तांब्याचे गडू झाले. ते जाड कॅनव्हासच्या झोळीत भरून वेणीमाधवरावांनी उचलून पाहिले आणि पुन्हा खाली ठेवले.

समुद्राचं पहिलं दर्शन कसं घ्यायचं, हे त्यांनी गाडीत दोन दिवस ठरवलं होतं. वही उघडलेली असावी, मन शांत असावं आणि जे प्रथम वाटेल ते तत्क्षणी टिपून घ्यावं. प्रत्यक्षात मुंबईच्या धक्क्यावर हमालांच्या गर्दीत सायकल, झोळी, ट्रंक आणि बायको यांची मोजदाद करता करता ते आगबोटीवर चढले आणि अर्ध्या तासात त्यांना बोट लागली. त्यानंतर हर्णै येईपर्यंत त्यांनी समुद्र पाहिला तो कठड्यावरून ओणवं होऊन, फार जवळून. शरदिनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत उभी होती आणि वही तिच्याकडे होती.

"काही लिहू का?" तिने एकदा विचारलं.

"लिही," ते म्हणाले, "पाणी हिरवं आहे." आणि पुन्हा ओणवे झाले.

हर्णैला बोट किनाऱ्याला लागत नाही. माणसं पडावात उतरतात आणि पडाव किनाऱ्याकडे जातो. सायकल दोराने बांधून खाली सोडली, ती पडावात न पडता पडावावरच्या एका खारव्याच्या गळ्यात पडली. त्याने ती तशीच गळ्यात धरून किनाऱ्यापर्यंत आणली आणि उतरवताना विचारलं, "ही काय तुमच्या देवाची हाय?"

वझ्यांचं मूळ गाव पालवेळ. हर्णैपासून उत्तरेला एक खाडी ओलांडायची आणि पुढे पाच मैल पुळणीने जायचं. पुळण म्हणजे तिकडे समुद्रकाठची वाळू. रात्र धर्मशाळेत काढून, ट्रंक तिथेच ठेवून दोघं सकाळी खाडीवर आली. तरीवरचा नावाडी विष्णू तांडेल म्हातारा होता. त्याने होडीत आधी सायकल आडवी घातली, तिच्या चाकांवर शरदिनीला बसवलं आणि झोळी उचलताना विचारलं, "यात काय धोंडे हायत काय?"

"गंगा आहे," वेणीमाधवराव म्हणाले. "आम्ही काशीहून आलो."

तांडेलाने वल्हं खाली ठेवून हात जोडले. मग खाडी ओलांडेपर्यंत तो काशीबद्दल विचारत राहिला. तिथे घाट किती, विश्वनाथाच्या देवळावर सोनं आहे ते खरं का, तिथली माणसं रोज गंगेत अंघोळ करतात का. वेणीमाधवरावांना मधेच एक वाक्य समुद्राबद्दल विचारायचं होतं, ते राहून गेलं. पलीकडे उतरल्यावर तांडेल एवढंच म्हणाला, "ओहोटी हाय तवर निघा. भरती लागली म्हंजे वाट न्हाय. दुपार व्हायच्या आत गावात पोचा."

आणि पुढे पाच मैल मोकळी पुळण पसरली होती. डावीकडे समुद्र, उजवीकडे सुरूची झाडं, मधे ओहोटीने उघडी पडलेली ओली, टणक, सपाट वाळू. वळण नाही, सांड नाही. वेणीमाधवरावांना वाटलं, ही जागा देवाने आपल्या सायकलीसाठीच केली असावी. त्यांनी झोळी मागच्या कॅरिअरला बांधली, लोकरी कोटाची बटणं लावली आणि चढायला पायरी शोधू लागले.

पायरी नव्हती. दगडही नव्हता. पाच मैलांत एक ओटा, एक जोतं, एक उंबरठा नव्हता.

"मी धरते, तुम्ही चढा," शरदिनी म्हणाली.

तिने सायकल धरली. त्यांनी टांग टाकली. अकरा गडू, एक मास्तर आणि लोकरी कोट एका बाजूला कलले आणि सगळी मिळून वाळूत आडवी झाली. दुसऱ्या खेपेला दुसऱ्या बाजूला झाली. तिसऱ्या खेपेआधी वेणीमाधवरावांनी झोळी सोडून खांद्याला घेतली, तर तोल आणखीनच गेला आणि गडू त्यांच्या मानेवर एकामागून एक येऊन आदळले.

ते वाळूत बसून मान चोळत होते. शरदिनी सायकलीचं हॅण्डल पुसत होती. ती जरा वेळाने म्हणाली, "अहो, मी बसून पाहू?"

"तू?"

"मला थोडी येते."

"कुठे शिकलीस?"

"चौकात. तुम्ही शाळेत गेलात की. तुळशीभोवती."

"आईंना माहीत आहे?"

"त्याच तर माळेवर फेऱ्या मोजत होत्या. एकशे आठ झाल्या की म्हणायच्या, 'बस, आज पुष्कळ झाल्या.'"

वेणीमाधवरावांनी उठून सायकल घट्ट धरली. शरदिनीने नऊवारीचा कासोटा आवळला, दांडीवरून पाय टाकला आणि पायडल मारलं. सायकल निघाली ती उजवीकडे वळत. तुळशीला उजवी घालून शिकलेली बाई, तिला उजव्या वळणाखेरीज काही ठाऊकच नव्हतं. सुरूच्या बाजूला गेली, मागे फिरली, समुद्राच्या लाटेत चाक भिजवून पुन्हा नवऱ्यापाशी आली. मधे तुळस नव्हती, वेणीमाधवराव होते. त्यांना अशा पाच प्रदक्षिणा झाल्या.

"सरळ जा," ते म्हणाले.

"जात नाही ती."

"दूर कुठेतरी बघ. चाकाकडे बघू नको. त्या टोकाच्या डोंगराकडे बघ."

सहावं वर्तुळ मोठं झालं. सातवं त्याहून मोठं. मग आठवं इतकं मोठं झालं, की ते मिटलंच नाही. शरदिनी सरळ निघाली. पाण्याच्या कडेकडेने, पदर खोचलेला, पाठ ताठ. पायाखालच्या पाण्यात तिची सावली धावत होती. पक्ष्यांचा एक थवा वाळूवर बसला होता, तो तिच्यासमोर उठला आणि तिच्यामागे पुन्हा बसला. वेणीमाधवराव उभे राहून बघत राहिले. ती आता हाताच्या पंज्याएवढी दिसत होती, मग बोटाएवढी. भूगोलाच्या मास्तराला अंतर चेहऱ्यावरून कळत नसलं तरी आकारावरून कळतं. ती अर्धा मैल पुढे गेली होती आणि तिला थांबता येत नसावं.

त्यांनी कोट काढून कमरेला बांधला, वहाणा हातात घेतल्या, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलं, झोळी खांद्याला मारली आणि चालू लागले.

पालवेळला शरदिनी थांबली ती एका जाळ्यात शिरून. कोळणींनी तिला सोडवलं, पाणी दिलं आणि मिरवणुकीने वझ्यांच्या घरी नेलं. घरातले वडीलधारे बाळकाका वझे पंचाहत्तरीचे, कानांनी मंद. काशीहून भाऊबंदांच्या घरची सून आली, तीही सायकलीवरून, हे ऐकून त्यांनी ओसरीवर चादर घालायला लावली, स्वतः गूळपाणी आणलं.

"एकटीच आलीस पोरी?"

नवऱ्याचं नाव घ्यायची रीत नाही. शरदिनी खाली बघत म्हणाली, "मागून येताहेत. गडू घेऊन."

"बरं केलंस," बाळकाका म्हणाले आणि आत वळून त्यांनी सांगितलं, "तिचा गडी मागून येतोय गं. दमून येईल. त्याला मागच्या पडवीत ताक द्या."

त्यामुळे तासाभराने वेणीमाधवराव गावात शिरले तेव्हा सगळी व्यवस्था झालेली होती. उन्हाने लाल झालेला, अनवाणी, कमरेला कोट बांधलेला आणि खांद्यावर ओझं घेतलेला माणूस येताना दिसताच गावकऱ्यांनीच त्याला वाट दाखवली. "पुढून नको, मागून जा. ताक ठेवलंय."

वेणीमाधवरावांना वाटलं, कोकणात पाहुण्याला मागून घेण्याची पद्धत असेल. ते मागच्या पडवीत गेले. एका म्हाताऱ्या बाईने झोळी उतरवून घेतली, "दमलास रे बाबा," म्हणाली आणि केळीच्या पानावर पोहे, ओलं खोबरं आणि वाडगाभर ताक ठेवून कामाला गेली. ते ताक प्यायले. ती पुन्हा आली आणि पुन्हा वाडगा भरून गेली.

पडवीच्या समोर माडांच्या मधून समुद्र दिसत होता. पाण्याला भरती लागली होती. एकेक लाट मागच्या लाटेपेक्षा थोडी पुढे येत होती, मागे जाताना काहीतरी पुसून नेत होती आणि हे सगळं कुठलीही घाई न करता चाललं होतं. बारा वर्षं परात डोलवून आपण मुलांना भिजवलं, पण भरती म्हणजे हे नव्हे, असं त्यांच्या लक्षात आलं. वही शरदिनीकडे होती. तिची आठवणही त्यांना झाली नाही. दोन महिन्यांत प्रथमच कुणी त्यांना समुद्राबद्दल काही विचारत नव्हतं. पाय लांब करून, खांबाला टेकून, ते नुसते बघत बसले.

ओसरीवर इकडे शरदिनीची काळजी वाढत होती. शेवटी ती उठली आणि घर ओलांडून मागे आली.

"अहो, इथे काय बसलात? मला वाटलं, भरतीत सापडलात."

"अहो" हा शब्द तिच्या मागोमाग आलेल्या बाळकाकांच्याही कानी स्पष्ट पडला. घरात एकदम धावपळ झाली. म्हाताऱ्या बाईने कपाळाला हात लावला. बाळकाका हात जोडून पडवीत आले, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "पाच पिढ्यांनी वझ्याच्या घरी वझा आला आणि त्याला आम्ही गड्याच्या जागी बसवला."

"काका," वेणीमाधवराव म्हणाले, "जागा छान आहे. उद्याही इथेच बसेन म्हणतो."

तीन दिवस ती दोघं पालवेळला राहिली. देवीची ओटी भरली, गडू ज्याचे त्याला पोचवले. रोज ओहोटीला शरदिनी सायकल घेऊन निघे आणि वेणीमाधवराव मागून चालत जात. कधी ती दुसऱ्या गावापर्यंत जाऊन परत येई आणि पुढे काय आहे ते त्यांना सांगे. ते वहीत लिहून घेत. परत निघाले तेव्हा वही भरली होती.

संक्रांतीनंतरचा रविवार आला. मंडळीच्या सभागृहात खाली व्याख्यान होतं. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर त्याच वेळी पंतांच्या पत्नीचं, कालिंदीकाकूंचं, हळदीकुंकू होतं. पंतांनी तारीख देताना घरात विचारलं नव्हतं आणि काकूंनी बोलावणी करताना पंतांना.

खाली चाळीस माणसं जमली होती. वेणीमाधवरावांनी नकाशा टांगला आणि किनाऱ्याच्या लांबीपासून सुरुवात केली. मग खडकाचे प्रकार घेतले. सायकलीचा भाग आपल्याला तोंड वर करून सांगता येणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून तो त्यांनी शेवटाला ठेवला होता. पाऊसमानापर्यंत येतात न येतात, तोच वरून बायकांचं हसणं ऐकू आलं. जरा वेळाने पुन्हा आलं, आणखी मोठं. मागच्या ओळीतला एक जण तिळगूळ घेऊन येतो म्हणून उठला. तो आला नाही. त्याला बघायला दुसरा गेला. पाऊसमान संपून वारे सुरू झाले तेव्हा समोर सहा जण उरले होते, त्यातले दोन झोपलेले.

वरून पुन्हा हशा आला. बिंदुमाधवपंत खुर्चीत अस्वस्थ झाले. "वझे," ते हळूच म्हणाले, "वर काय चाललंय ते एकदा बघून यायला हवं."

जिन्यावर पायरीपायरीने पुरुष बसले होते, सगळी खालची मंडळी. वर बायकांच्या मध्ये शरदिनी बसली होती आणि सांगत होती. "मी म्हटलं, गडू घेऊन येताहेत. त्यांनी ऐकलं, गडी येतोय. मी ओसरीवर गूळपाणी पितेय आणि हे मागे पडवीत पोहे खाताहेत. बरं, यांना एकदाही वाटलं नाही, की काही दिक्कत झाली आहे." हशा झाला. वेणीमाधवराव जिन्याच्या तोंडाशी उभे होते. आपलीच गोष्ट, पण त्यांनाही हसू आवरेना.

"मग रागावले नाहीत?" कालिंदीकाकूंनी विचारलं.

"छे हो. जन्मात पहिल्यांदा समुद्र बघत होते. त्यांना कुठलं भान?"

वर शांतता झाली. जिन्यावर त्याहून जास्त झाली. शरदिनीने मान वर केली, तेव्हा तिला नवरा दिसला आणि त्याच्या मागे पंत.

सगळ्यांच्या माना पंतांकडे वळल्या. पंतांनी आपला मोठा देह कठड्याला टेकवला आणि बराच वेळ विचार केला.

"वझे, साहेबांना तुम्ही नोव्हेंबरात सांगितलंत."

"हो, पंत."

"आणि गेलात डिसेंबरात."

"हो."

"म्हणजे सांगितलंत ते खरंच. फक्त जरा लवकर सांगितलंत." मग त्यांनी खिशातून अहवालाचा कागद काढला. "पण साहेबांना पाठवायचं ते नीट पाठवायला हवं. यात पायी कोण होतं?"

"मी," वेणीमाधवराव म्हणाले.

"आणि सायकलीवर?"

जिन्यावरच्या आणि वरच्या सगळ्यांनी शरदिनीकडे बघितलं. पंतांनी तिथेच गुडघ्यावर कागद ठेवून तसं लिहिलं. व्याख्यानाचा उरलेला भाग वेणीमाधवरावांनी वर बसून ऐकला. त्यांना तो पुष्कळच चांगला वाटला.

त्यानंतर हिवाळा सरेपर्यंत दर रविवारी दुर्गाघाटावरून एक नाव पलीकडच्या रेतीवर जाई. गंगेपल्याड त्या दिवसांत मैलभर वाळू उघडी असते. नावेत सायकल आडवी घातलेली असे आणि तिच्याभोवती सात-आठ बायका. पुरुष असत दोन. एक वेणीमाधवराव आणि दुसरे बिंदुमाधवपंत. कालिंदीकाकूंनी पहिल्याच दिवशी शरदिनीला सांगितलं होतं, "मला वळायला शिकवू नको. मला नुसतं सरळ जायचं आहे."

एका रविवारी त्या खरोखरच सरळ गेल्या. रामनगरच्या दिशेने. शरदिनी त्यांच्या बाजूने थोडं धावली आणि मग थांबून हसू लागली. काकू पुढे निघाल्या त्या निघाल्याच. पंतांच्या हातात काकूंची शाल होती आणि बगलेत चपला. ते वाळूतून पावलं उपसत, धापा टाकत चालले होते. शेजारी वेणीमाधवराव होते, त्यांना आता सवय झाली होती.

"वझे," पंत थांबून दम घेत म्हणाले, "पायी किती दूर जायचं असतं?"

"ते आपल्याला ठरवता येत नाही, पंत," वेणीमाधवराव म्हणाले आणि त्यांच्या बगलेतल्या चपला आपल्याकडे घेतल्या. "चला. त्यांना अजून थांबता येत नाही."